कानस न लावता बसलेला बुश

१

व्हर्लिन टॅकेटला आयुष्यात दोनच गोष्टींची खात्री होती. एक, सासरा आपल्याला गाढव समजतो. आणि दोन, जुन्या पंचेचाळीस कॅलिबरच्या पिस्तुलात कुठलाही नवा पार्ट घासल्याशिवाय बसत नाही.

नव्या पार्टाच्या पाकिटावर छापलेलं असतं, ‘नुसता टाका आणि वापरा.’ हे ज्यानं पहिल्यांदा छापलं तो बेकर्स फोर्कच्या खोऱ्यात आला असता ना, तर त्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नसतं. हे पिस्तूल इतकी वर्षं इतक्या कारखान्यांनी आपापल्या मनानं बनवलंय की वरची मागेपुढे सरकणारी स्लाइड एका घरची, नळी दुसऱ्या घरची, आणि तोंडाशी नळीला धरून ठेवणारा बुश तिसऱ्याच घरचा. सगळ्यांना एकत्र नांदवायचं तर मध्ये कुणीतरी कानस घेऊन बसायलाच लागतं.

व्हर्लिन बसायचा. रस्तेखात्याच्या गॅरेजमधून सुटला की थेट तळघरात. शेजारी कपडे वाळवायचं मशीन गरगरतंय आणि हा टेबलाला ठोकलेला चिमटा, म्हणजे व्हाइस, आवळून, अर्धी जीभ बाहेर काढून, पार्टाला एक घासा मारतोय. लावून बघतोय. काढतोय. परत एक घासा.

“माझ्याकडे कधी एवढ्या प्रेमानं बघितलंस का रे?” त्याची बायको रूबी वरून ओरडायची.

“तू घासून घेणार आहेस का?”

मग जिन्यावरून चप्पल यायची. हे रोजचंच.

या धंद्यात एक नियम आहे. कानस फक्त नव्या पार्टाला लावायची. मूळच्या पार्टाला कधीच नाही, कारण एकदा घासलेलं परत चिकटत नाही. खोऱ्यातल्या काही घरांत हा नियम बायबलच्या खाली येतो, काही घरांत वर.

आत्ता व्हाइससमोर जे पिस्तूल पडलं होतं ते सासऱ्याचं. आर्व्हेल मलिन्स, जन्मभर कोळशाच्या खाणीत, हिवाळ्यापासून लेकीकडे मुक्काम. पिस्तूल इतकं ढिलं की हलवलं की खुळखुळायचं. म्हातारा पण तसाच. उजव्या गुडघ्यावर खाणीचं छप्पर पडलेलं, तेव्हापासून पायरीगणिक ‘टक’. कवळी वेगळी खडखडायची. म्हातारा घरात कुठे आहे हे बघायला कुणाला मान वळवावी लागायची नाही.

“घट्ट करून दाखव, जावईबापू,” म्हातारा म्हणाला होता, तंबाखूची पिंक डब्यात टाकत. “रविवारी डेकोरेशन डेला टेकडीवरच्या कबरस्तानात सगळे जमतील. थडगी साफ करू, जेवू, मग ताटल्यांवर नेम धरू. नीट चाललं तर पिस्तूल तुझं. बिघडवलंस तर ड्वाइटचं.”

ड्वाइट म्हणजे रूबीचा भाऊ. तो पिस्तुलाला आरशासारखा मुलामा देऊन वर गरुड कोरून घेणार होता. हे त्यानं स्वतः सांगितलं होतं. हसत.

पण व्हर्लिनला खरं तर पिस्तूलही नको होतं. लग्नाला वीसेक वर्षं झाली होती. म्हाताऱ्यानं एकदा, फक्त एकदाच, ‘बरं केलंस’ म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

२

पार्ट त्यानं शनिवारी आणले होते, फायर ब्रिगेडच्या हॉलमधल्या बंदुकांच्या बाजारातून. वाळवलेलं हरणाचं मटण विकणारा आणि संडास यांच्यामध्ये एक टेबल होतं. मागे एक बाई, स्वेटर विणत.

कुणीही विचारलं असतं, कुठलं मॉडेल, कुठलं साल. ही म्हणाली, “कुणाचंय?”

“सासऱ्यांचं.”

“वय?”

“ऐंशी.”

“कुठला गुडघा?”

“उजवा.”

“हं,” ती म्हणाली आणि तीन पाकिटं काढून दिली. बुश, स्प्रिंग, नळी. पाकिटांवर काहीच छापलेलं नव्हतं. व्हर्लिन गाडी चालू करून हमरस्त्याला लागला तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, अरे, गुडघ्याचं मी कुठे बोललो होतो? मग त्याला वाटलं बोललो असेन. तो बोलतो तसा बराच.

सोमवारी संध्याकाळी त्यानं बुश घेतला. काजळी लावली, म्हणजे कुठे घासतोय ते दिसतं. कानस काढली. जीभ बाहेर काढली. आणि नुसतं बघायचं म्हणून बुश स्लाइडच्या तोंडाला टेकवला.

बुश आत गेला.

ढिला नाही. अडकलाही नाही. लोण्यात बोट जावं तसा गेला, फिरला आणि बसला. काजळीला ओरखडा नाही.

व्हर्लिन स्टुलावर बसला. स्टूल तिथे नव्हतं. तो जमिनीवरून उठला आणि त्यानं हॉइटला फोन लावला. हॉइट त्याचा मित्र, गळाची गांडुळं आणि काडतुसं एकाच काउंटरवर विकतो.

“हॉइट, बुश बसला.”

“अभिनंदन. किती वेळ घासत होतास?”

“घासलाच नाही.”

मग हॉइट हळू आवाजात म्हणाला, “प्यायलायस का?”

“नाही.”

“मग पी. आणि परत बघ.”

“तीनदा बघितलं.”

“व्हर्लिन, माझ्या बापानं चाळीस वर्षं हे काम केलं. त्याचा एकही बुश न घासता बसला नाही. मरताना शेवटचं वाक्य होतं, ‘अजून एक घासा मार.’ तू मला सांगतोयस नुसता टाकला?”

“नुसता टाकला.”

“मला घाबरवू नकोस,” हॉइट म्हणाला आणि त्यानं फोन ठेवून दिला.

३

सकाळी व्हर्लिन स्वयंपाकघरात कॉफी ओतत होता. कानाशी कुणीतरी म्हणालं, “सकाळ झाली.”

कॉफी भिंतीवर गेली.

म्हातारा मागे उभा होता. दोन पावलांवर. वरच्या मजल्यावरून सगळा जिना उतरून आलेला, आणि एक ‘टक’ नाही.

“दबकत काय येताय, पॉप!”

“सरळ चालत आलो,” म्हातारा म्हणाला. तो फडकं घेऊन वाकला, गुडघ्यावर वाकला, आणि फरशी पुसायला लागला.

रूबीला आनंदानं रडू फुटायचं बाकी होतं. “त्या नव्या गोळ्या बघ! मी सांगितलं होतं ना, माशाच्या तेलाच्या!”

व्हर्लिनला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. गुडघा हाडाचा असतो, बुश लोखंडाचा. एक तळघरात, एक जिन्यावर. दोघांची कधी ओळख झालेली नाही. जो माणूस रस्त्यातले खड्डे बुजवून पगार घेतो त्यानं असले विचार करायचे नसतात. असं स्वतःला बजावत तो कामावर गेला आणि दिवसभरात एकच खड्डा तीनदा बुजवला.

संध्याकाळी त्यानं स्प्रिंग घेतली. नवी स्प्रिंग कापून छाटून लांबीला आणावी लागते. ही लागली नाही. चुपचाप जागेवर जाऊन बसली, पाहुण्यांच्या घरी शहाणं पोर बसतं तशी. पिस्तूल हलवून बघितलं. खुळखुळ बरीच कमी झाली होती.

जेवायला बीन्स, कॉर्नब्रेड आणि सफरचंद होतं. कॉर्नब्रेड म्हातारा ताकात कालवून प्यायचा, कारण कवळी. सफरचंदाला तर खाण बंद पडल्यापासून शिवला नव्हता. आज त्यानं अख्खं सफरचंद उचललं आणि ‘कर्रक’ चावा घेतला. कवळी खडखडली नाही.

मग म्हातारा म्हणाला, “व्हर्लिन, तुला त्रास होणार नसेल तर जरा मीठ देशील?”

व्हर्लिनच्या हातातला काटा खाली पडला. वीस वर्षं हा माणूस जेवताना त्याच्याशी ‘मीठ’ एवढा एकच शब्द बोलायचा, तोही ‘गाढवा’ला जोडून.

त्यानं मीठ दिलं.

“धन्यवाद,” म्हातारा म्हणाला आणि हसला. छान हसला. टूथपेस्टच्या जाहिरातीत हसतात तसा.

व्हर्लिनला त्या रात्री झोप म्हणून लागली नाही.

४

बुधवारी म्हाताऱ्यानं तंबाखूचा डबा धुऊन त्यात फुलं लावली. गुरुवारी आपलं अंथरूण इतकं चापूनचोपून घातलं की रूबीनं त्याचा फोटो काढून ड्वाइटला पाठवला.

व्हर्लिननं मुद्दाम विषय काढला. “पॉप, ते खाणीचं छप्पर पडलेलं सांगा ना.”

या गोष्टीवरून घरात भांडणं व्हायची. म्हातारा ती दर सणाला सांगायचा, आणि दर वेळी छप्पर आणखी मोठं व्हायचं. गेल्या थँक्सगिव्हिंगला तर अर्धा डोंगर पडला होता. जोडीदार ल्यूथरला त्यानं खांद्यावर घालून आणलं, ल्यूथर वाटेत गाणं म्हणत होता, मग म्हणायचा थांबला, इथे म्हातारा नेहमी थुंकायचा आणि खिडकीबाहेर बघायचा.

“हो,” म्हातारा आता म्हणाला, “झालं होतं असं काहीतरी.” आणि वर्तमानपत्राची घडी नीट केली.

“ल्यूथर?”

“चांगला माणूस असावा.”

व्हर्लिननं रूबीला पॅन्ट्रीत गाठलं. “हे तुझे डॅडी नाहीत.”

“वेडायस का? आयुष्यात पहिल्यांदा ते मला ‘थँक यू’ म्हणाले. तुला तेही बघवत नाही?”

“शिव्या देत नाहीत ते मला!”

“हीच तक्रार उलटी करून तू वीस वर्षं माझं डोकं खाल्लंस!”

बाई शंभर टक्के बरोबर होती.

५

शुक्रवारी व्हर्लिन तळघरात नळीच्या पाकिटाकडे बघत बसला होता. उघडायचं धाडस होत नव्हतं. मशीनमध्ये टॉवेल फिरत होते. मशीन थांबलं तेव्हा त्याला कळलं की खोलीत आणखी कुणीतरी श्वास घेतंय.

म्हातारा वाळवणाच्या मशीनवर बसला होता. पाय लोंबकळत सोडून. कधीपासून, कुणास ठाऊक.

“सुंदर काम करतोयस, व्हर्लिन. तुझ्या हातात कला आहे.”

हेच. अगदी हेच वाक्य. हे ऐकण्यासाठी व्हर्लिननं आयुष्यभर कान टवकारले होते. आणि आता ते ऐकून त्यानं पाकीट मुठीत आवळलं, कारण ते बोलणारा आर्व्हेल मलिन्स नव्हताच.

“नळी तेवढी राहिली ना?” म्हातारा म्हणाला. “बसव की. रविवार आला.”

“घाई काय आहे, पॉप?”

“आतून जरा कुरकुरतंय अजून. इथे.” त्यानं गळ्यावर बोट ठेवलं. “रात्री कुणीतरी खोकतं. शिव्या देतं. झोप मोडते माझी.”

बोलता बोलता त्यानं पाय हलवला. पायजमा वर सरकला. गुडघ्यावरची ती वेडीवाकडी, कोळशानं निळी पडलेली जखम व्हर्लिनला पाठ होती. म्हातारा ती चर्चमध्येसुद्धा दाखवायचा. ती नव्हती. तिथे गुळगुळीत होतं सगळं. एक बारीकशी गोल रेघ, आणि रेघेत चमक.

म्हाताऱ्यानं पायजमा खाली ओढला. “रविवारपर्यंत,” तो म्हणाला, आणि जिना चढून गेला. त्या कुरकुरत्या जिन्यानं पण ब्र काढला नाही. म्हातारा बसला होता तिथे मशीनच्या पत्र्यावर तेलाचा डाग राहिला होता. व्हर्लिननं बोट लावून वास घेतला. पिस्तुलाचं तेल.

त्यानं हॉइटला फोन केला.

“सगळं काढ,” हॉइट म्हणाला. “जे घातलंस ते काढ आणि जुनं परत घाल. मूळचे पार्ट ठेवलेस ना?”

“म्हणजे काय! सिगारच्या खोक्यात.”

“मग झालं तर. आणि व्हर्लिन, मला परत फोन करू नकोस. आमच्याकडे लहान मुलं आहेत.”

६

शनिवारी दुपारी रूबी उद्याच्या जेवणाच्या तयारीला लागली. म्हातारा खुर्चीत बसून तिला भाज्यांची नावं विचारत होता. व्हर्लिननं तळघराचं दार लावून घेतलं.

नवा बुश काढला. नवी स्प्रिंग काढली.

वरून रूबी किंचाळली. “व्हर्लिन! डॅडी बोलेनासे झालेत! वाक्य अर्धं सोडून तसेच बसलेत रे! डोळे उघडे!”

“श्वास?”

“चालू आहे! पण नुसताच!”

“आलो! दोन मिनिटं!”

जुनी स्प्रिंग आत गेली. जुना बुश लावला. बसेना.

जो बुश पन्नास वर्षं त्या स्लाइडमध्ये लोळत होता, ज्याला हलवलं की खुळखुळा वाजायचा, तो आता तोंडाशीच अडला. पाच दिवसांत स्लाइडला नव्याची सवय लागली होती. व्हर्लिननं दाबला, फिरवला, विनवलं, शिव्या दिल्या. नाही.

आता एकच उपाय होता. मूळच्या पार्टाला कानस लावायची.

इथे कुणाला हसू येईल, पण या खोऱ्यात माणसानं बायको सोडली तर लोक जेवायला बोलावतात. मूळचा पार्ट घासला तर नाही बोलावत.

“व्हर्लिन!” रूबी रडत होती.

त्यानं डोळे मिटले आणि एक घासा मारला.

“आई आई गं! कोण आहे तो हरामखोर!” वरून डरकाळी आली.

व्हर्लिनच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी गोड शिवी त्यानं आयुष्यात ऐकली नव्हती.

“बोलले!” रूबी ओरडली. “शिवी दिली! पण गुडघा धरून कळवळतायत!”

दुसरा घासा. “तूच आहेस ना रे तो, गाढवा!” अजून बसेना. व्हर्लिन थांबला. म्हाताऱ्याला दुखत होतं, हे छताच्या लाकडातून कळत होतं.

“थांबलास का?” वरून आवाज आला. “अर्धवट ठेवणारेस का मला, माकडा? घास!”

घासला. प्रत्येक घाशाला म्हातारा थोडा थोडा परत येत होता. ल्यूथर आला, ल्यूथरचं गाणं आलं, गेल्या वर्षीचा अर्धा डोंगर आला, ड्वाइटच्या मुलाम्याला तीन शिव्या आल्या. मग बुश सरकला. आत गेला. जरासा घट्ट होता, फिरताना किंचित अडत होता इतकंच. चालण्यासारखा होता.

कुठलाही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण ज्यानं आयुष्यभर कानस धरलीय त्याचा हात तिथे थांबत नाही. बुश फिरताना किंचित अडतो, हे त्याला बघवत नाही. व्हर्लिननं बुश परत काढला. सफाईसाठी म्हणून, अगदी हलका, शेवटचा एक घासा मारला.

“व्हर्लिन, अरे गा...”

वरचा आवाज तिथेच तुटला.

त्यानं घाईघाईनं बुश बसवला. आता तो अडला नाही. कान देऊन ऐकलं. वर खुर्ची सरकली. कुणीतरी खोकलं. रूबी हसली. मग जिना कुरकुरला, आणि पायरीगणिक तो जुना ‘टक’ करत म्हातारा खाली यायला लागला.

७

म्हातारा खाली आला. मशीनला टेकला. डबा नव्हता म्हणून टॉवेलांच्या टोपलीत थुंकला. व्हर्लिनला त्याला मिठी मारावीशी वाटली.

म्हाताऱ्यानं पिस्तूल उचललं, कानाशी हलवलं, स्लाइड ओढली, सोडली. परत ओढली. भुवया वर गेल्या.

“हे तू केलंस?”

“हो, पॉप.”

“बरं केलंस,” म्हातारा म्हणाला.

खरा म्हातारा. खरा आवाज, खाणीची धूळ बसलेला. त्यानं ओठ घट्ट मिटले, नाहीतर तो पोरासारखा रडला असता.

“हात आहे तुला,” म्हातारा म्हणाला. “मी सहसा कुणाला सांगत नाही. माझ्या पोरीनं तुझ्यासारख्या माणसाशी लग्न करायला पाहिजे होतं. नवरा केलाय तो निव्वळ गाढव.”

व्हर्लिन हसला. “मीच तो, पॉप.”

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत, नीट, सावकाश, बाजारात अनोळखी माणसाकडे बघतात तसं. चेष्टा करत नव्हता. चेष्टा करताना त्याचा डावा डोळा बारीक होतो. तो झाला नव्हता. त्या शेवटच्या घाशानं म्हाताऱ्यातून व्हर्लिनच घासून गेला होता.

“चेहरा नाही बघितलेला तुझा कधी,” तो म्हणाला. “रस्तेखात्याचा आहेस का? किती द्यायचे तुझे?”

“पॉप, मी व्हर्लिन.”

“आमच्याकडे पण एक व्हर्लिन आहे.” म्हाताऱ्यानं मान वर करून हाक मारली. “रूबी! ए रूबी! तुझा नवरा कुठे उलथलाय?”

आता रूबी म्हणेल, तिथेच तर आहे, तळघरात, तासभर तिथेच बसलाय. आत्ता तर तिनं हाक मारली होती.

“इथंच आहे की, डॅडी!” रूबीचा आवाज आला, खुशीत. “बटाटे सोलतोय माझ्याजवळ. एवढे छान सोललेत, बघा तरी!”

“खाली पाठव त्याला. म्हणावं, काम कसं करतात ते बघ.”

वर लाकडी फळीवर सुरी ठेवल्याचा आवाज आला.

“आलोच, डॅडी,” कुणीतरी म्हणालं. फार अदबीनं.

तळघराचं दार उघडलं. जिन्यावर उजेड पडला आणि त्या उजेडात आधी बूट दिसले. रस्तेखात्याचे, तपकिरी, डाव्याच्या टाचेला डांबराचा डाग. व्हर्लिननं खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं, आणि परत वर. तेच बूट. फक्त व्हर्लिनच्या दोन्ही लेस आयुष्यात कधी सारख्या बांधलेल्या नव्हत्या.

या होत्या.